सातारा ते एडिसन: विमानाचं अंतर आणि प्रवासाचे खरे तास कसे काढायचे

मावशीला डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत, एडिसनला जायचंय. आजवरचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास काशीचा, तोही रेल्वेनं. तिकीट हातात पडलं त्या रात्री तिचा फोन आला. "विमानाला नक्की किती तास लागतात रे?" जावई म्हणाला सोळा. तिकिटावर निघायची वेळ रात्री १:३० आणि पोचायची त्याच तारखेला सकाळी ६:५०, म्हणजे तिच्या हिशेबानं पाच तास वीस मिनिटं. आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, "अगं, दीड दिवसाची निश्चिंती."

गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर होतं. जावई विमान हवेत आणि धावपट्टीवर असतानाचे तास सांगत होता, तिकिटावर दोन वेगवेगळ्या गावांची घड्याळं छापली होती आणि काकू दारापासून दारापर्यंतचा हिशेब करत होत्या. हे आकडे एकमेकांत मिसळले की सगळा घोळ होतो. म्हणून मावशीला फोनवर समजावलं तसंच इथे क्रमानं मांडतो. उदाहरण मुंबई–न्यू यॉर्कचं आहे, पण रीत कुठल्याही दोन विमानतळांना चालेल.

आधी विमानतळ कुठला ते बघा

"न्यू यॉर्कला उतरणार" एवढ्यावर गणित सुरू करू नका. त्या परिसरात तीन मोठे विमानतळ आहेत: जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया. भारतातून जाणाऱ्याचा संबंध बहुधा पहिल्या दोघांशी येतो. जेएफके आणि नेवार्कमधलं सरळ अंतर ३३ किलोमीटरच्या आसपास आहे. विमानाच्या हिशेबात ते काहीच नाही, पण मध्ये अख्खं शहर, दोन नद्या आणि तिथलं ट्रॅफिक आहे. एडिसनवाल्यांना नेवार्क सोयीचं. मावशीचं तिकीट जेएफकेचं निघालं, तेव्हा जावयाच्या गाडीचा एक तास तिथेच वाढला.

आपल्याकडेही आता हे बघावं लागतं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्याचा कोड एनएमआय आणि जुन्या मुंबई विमानतळाचा बीओएम. घाटावरून येणाऱ्याला नवी मुंबई वाटेत लागतं, त्यामुळे तिकिटावर तीन अक्षरं कुठली आहेत ते वाचूनच गाडीवाल्याला पत्ता द्या.

पृथ्वीगोल आणि धागा

अंतर काढायची ही सगळ्यात सोपी रीत, आणि माझी सगळ्यात आवडती. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर घ्या. मुंबईवर धाग्याचं एक टोक अंगठ्यानं दाबा, दुसरं न्यू यॉर्कवर न्या आणि धागा ताणा. तो आपोआप सर्वांत कमी लांबीच्या वाटेवर जाऊन बसतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर ९४ सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो आणि पृथ्वीचा सुमारे ४०,०३० किलोमीटर, म्हणजे धाग्याचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. मुंबई–न्यू यॉर्क धागा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर.

धागा कुठून गेला तेही बघा. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यू यॉर्कला पट्टीनं रेघ मारली तर ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाते आणि मग अटलांटिक ओलांडते. त्या वाटेनं उडायचं म्हटलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील, म्हणजे साडेसोळाशे जास्तीचे. धागा मात्र मुंबईहून जवळजवळ उत्तरेलाच निघतो. कच्छ, सिंध, क्वेट्टा, हेरात, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या जवळून फिनलंड, पुढे स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोर आणि मग वरून खाली न्यू यॉर्क. या वाटेचा बरोबर मध्य स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बोथ्नियाच्या आखातात येतो. सर्वांत उत्तरेचा बिंदू ६४.७ अंशांवर, आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम दोन अंश खाली.

शाळेच्या भूगोलात याला बृहद्‌वृत्त म्हणायचे, अंतर सांगणाऱ्या साइटवर ग्रेट सर्कल दिसेल. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की वरचा भाग ताणला जातो, त्यामुळे विमानातल्या पडद्यावर वाट कमानीसारखी दिसते. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, पायलट उगाच वळसा घालतोय.

कॅल्क्युलेटरवर अचूक आकडा

साइटवर दोन कोड टाकले की अंतर मिळतं, हे खरं. पण एकदा स्वतः काढून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढे कुठल्याही साइटनं काहीही सांगितलं तरी ते ताडून बघता येतं.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या.

मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम

बरेच जण इथेच चुकतात. नकाशावर जेएफकेचं स्थान ४० अंश ३८ मिनिटं असं लिहिलेलं असेल तर ते ४०.३८ नव्हे. अंशाची मिनिटं साठ असतात, म्हणून ३८ ला ६० नं भागायचं. मग येतं ४०.६३, आणि वरचे सेकंद धरले की ४०.६४.

आता रेखांशांतला फरक. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असेल तर बेरीज करायची: ७२.८७ + ७३.७८ = १४६.६५. दोघं एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची, कारण मग दुसऱ्या बाजूनं जाणं जवळचं. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोला हेच होतं. बेरीज १९५.२५ येते, म्हणून फरक धरायचा १६४.७५. त्या मार्गावर विमानानं मुंबईहून ईशान्येकडे झुकत उत्तरेला निघावं लागतं आणि अंतर भरतं सुमारे १३,५०० किलोमीटर.

सूत्र असं:

कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

मोबाइल आडवा धरला की बऱ्याच फोनांच्या कॅल्क्युलेटरवर साइन-कोसाइनची बटणं येतात. सुरुवातीला कोसाइन ६० काढून बघा. उत्तर ०.५ आलं तर कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे. भलतंच काही आलं तर तो रेडियनवर आहे, बदलून घ्या.

पहिला भाग: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०
दुसरा भाग: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०
बेरीज: −०.३८६०

या आकड्याचा उलटा कोसाइन (cos⁻¹ चं बटण) घेतला की कोन मिळतो ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.१९ किलोमीटर. गुणाकार १२,५३१. साइटवर दहा-पंधरा किलोमीटर जास्त दिसतील, कारण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि आपण ती चेंडूसारखी गोल धरली. एवढ्या फरकानं आपलं काही अडत नाही. पुढे मी १२,५४० धरतो.

पायलट लोक किलोमीटर वापरत नाहीत, नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचं मूळ देखणं आहे: अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. म्हणून कोनाला नुसतं ६० नं गुणलं की अंतर तयार: ११२.७ × ६० = ६,७६२. अमेरिकेतले नातेवाईक मैल म्हणतात तो वेगळा, १.६०९ किलोमीटरचा, आणि त्या मैलांत हे अंतर ७,७९० च्या आसपास येतं. "सहा हजार सातशे" आणि "सात हजार आठशे" असे दोन आकडे दिसले तर दोन्ही खरे असू शकतात. एकक कुठलं तेवढं विचारा.

विमान खरोखर किती उडतं

१२,५४० हे धाग्याचं अंतर. विमान तेवढंच उडेल असं नाही, बहुतेक वेळा जास्तच उडतं.

पहिलं कारण आकाशातल्या सरहद्दी. वरची वाट पुन्हा वाचा, कच्छनंतर लगेच सिंध. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत हेच झालं होतं. असं झालं की मुंबईहून निघालेलं भारतीय विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जातं आणि मग उत्तरेला वळतं. दिल्लीकरांना हा वळसा जास्त जाचतो, मुंबई समुद्रावर असल्यानं आपण थोडे सुटतो. २०२२ पासून अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधलं अंतर कुठल्या देशाची कंपनी उडतेय त्यावर बदलतं. साइटवरच्या आकड्यात यातलं काही धरलेलं नसतं.

दुसरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगानं वाचावं म्हणून आपला अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापला. जगानं काही तो वाचला नाही.

जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीला लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी याला सहा-सात तास लागतात. म्हणून कधीकधी लांबची वाट लवकर पोचवते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला ते सुमारे १५,३०० किलोमीटर उडालं, नेहमीपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरीही जवळपास दोन तास आधी उतरलं.

तास काढायचे

लांब पल्ल्याची मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगानं जातात. ११ किलोमीटर उंचीवर कडाक्याच्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर असतो, म्हणजे विमानाचा वेग ताशी ८९० ते ९००. आपण ८९० धरू.

माझा ठोकताळा असा: धाग्याच्या अंतरात पाच टक्के वळसा मिळवायचा. १२,५४० चे होतात सुमारे १३,१७०. पश्चिमेला जाताना वेगातून सरासरी ३० वजा करायचे, पूर्वेला येताना ४० मिळवायचे. मग चढणं-उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी मिळून अर्धा तास.

जाताना: १३,१७० ÷ ८६० = १५.३ तास, अधिक अर्धा, म्हणजे सुमारे १५ तास ५० मिनिटं.
येताना: १३,१७० ÷ ९३० = १४.२ तास, अधिक अर्धा, म्हणजे सुमारे १४ तास ४० मिनिटं.

हे ३० आणि ४० वाचून तुम्ही म्हणाल, वारा तर दोनशेचा सांगितला. पण तो सगळ्या वाटेवर नसतो, सरळ तोंडावरही नसतो, आणि पायलट जाताना त्याला चुकवतात, येताना शोधतात. हा अंदाज उत्तर–दक्षिण प्रवासाला लावू नका. तिथे वारा आडवा असतो, जाण्या-येण्यात फारसा फरक पडत नाही.

तिकिटावर "कालावधी" म्हणून छापलेला आकडा दरवाजा बंद होऊन विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. या धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांना लावलेली ठोकळी काढली तिथून ती परत लावेपर्यंत. कंपन्या त्यात थोडा राखीव वेळ ठेवतात. म्हणून तासभर उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर उतरतं.

घड्याळाचं कोडं

आता मावशीचे पाच तास वीस मिनिटं. भारताचं घड्याळ वर्षभर एकच, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यू यॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात चार. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. म्हणून आपल्यातला फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ.

कागदावर करायची रीत एकच: सगळं भारताच्या वेळेत आणायचं. डिसेंबरात सकाळी ६:५० ला न्यू यॉर्कमध्ये उतरली, त्यात साडेदहा तास मिळवले की भारतात संध्याकाळचे ५:२०. रात्री १:३० ते संध्याकाळी ५:२०, झाले १५ तास ५० मिनिटं. जावयाचे "सोळा" ते हेच.

साडेदहा तास तोंडी मोजताना माणूस अडखळतो. त्याला एक युक्ती आहे. भारताच्या वेळेतलं सकाळ-संध्याकाळ उलटं करा आणि हिवाळ्यात दीड तास मिळवा. संध्याकाळचे ५:२० म्हणजे सकाळचे ५:२०, अधिक दीड, ६:५०. उन्हाळ्यात दीडऐवजी अडीच. मावशीला ही युक्ती इतकी आवडली की ती आता लेकीला फोन करण्याआधी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून पुटपुटत हिशेब करते.

मध्यरात्रीनंतरची तारीख

हा भाग छोटा आहे, पण पैशाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. माझंच झालंय. काही वर्षांपूर्वी काकांचं तिकीट मी काढलं. तारीख १२, वेळ ००:४०. घरात सगळ्यांनी, मी धरून, "बारा तारखेच्या रात्री निघायचं" असं ठरवलं. बारा तारखेला दुपारी मी वेब चेक-इन करायला बसलो. काकू शेजारी बॅगेला कापडी पट्टा आवळत होत्या, लोणच्याची बरणी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून झाली होती. स्क्रीनवर आलं, या उड्डाणाचं चेक-इन बंद झालं आहे. दोनदा परत केलं, तेच. मग तिकीट नीट वाचलं. विमान पंधरा तासांपूर्वीच गेलं होतं. बारा तारखेचे ००:४० म्हणजे अकरा तारखेची रात्र. काकांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं. नवं तिकीट माझ्या खिशातून.

तेव्हापासून घरात नियम आहे. वेळ ००:०० ते ०४:०० च्या दरम्यान असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत "आज घरातून निघायचं" असं लिहायचं. मावशीचं विमान १४ डिसेंबरला १:३० चं, म्हणून कालनिर्णयवर १३ तारखेला लाल गोल आहे.

परतीच्या तिकिटावर उतरण्याच्या वेळेपुढे +१ असं बारीक अक्षरात असतं. ते "दुसऱ्या दिवशी" असं वाचायचं. मध्ये मुक्काम असेल तर +२ सुद्धा येतं.

मध्ये उतरून जायचं असेल तर

सरळ विमान महाग पडतं, म्हणून पुष्कळ लोक आखातातून किंवा युरोपातून जातात. मध्ये उतरलं म्हणजे फार लांबचा फेरा पडला असं वाटतं, पण ते ठिकाण धाग्यापासून किती दूर आहे यावर ते ठरतं. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–जेएफके ११,०२० किलोमीटर, एकूण १२,९५०. जास्तीचे फक्त चारशे. लंडनमार्गे तर जेमतेम दोनशे जास्त. उलट सिंगापूरमार्गे कुणी स्वस्त तिकीट दाखवलं तर हात जोडा: मुंबई–सिंगापूर ३,९०० आणि तिथून न्यू यॉर्क १५,३०० च्या वर. तो सिंगापूर–न्यू यॉर्क टप्पा जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी आहे, अठरा तासांहून जास्त.

म्हणजे आखातातून जाताना वेळ अंतरानं वाढत नाही, थांब्यानं वाढतो. दोन उड्डाणं मिळून सतरा-साडेसतरा तास, त्यात तीन तासांचा थांबा, झाले वीस-एकवीस. तिकीट शोधताना एकूण कालावधी बघा, पण थांबा किती तासांचा आहे ते वेगळं उघडून वाचा. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की तुम्ही धावताय. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर पुढचं विमान चुकल्यावर सोय कंपनी लावून देते. वेगवेगळी तिकिटं जोडून घेतली असतील तर कुणी विचारत नाही.

अमेरिकेच्या आत विमान बदलायचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. देशात पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यायच्या. याला तीन तास हाताशी हवेत. अबू धाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं. पलीकडे उतरल्यावर रांग नाही, पण अलीकडचा थांबा त्या हिशेबानं मोठा हवा.

आणखी एक शब्द फसवा आहे, "डायरेक्ट". त्याचा अर्थ विमानाचा नंबर बदलत नाही एवढाच. ते वाटेत कुठे थांबू शकतं. कुठेच थांबत नाही ते नॉन-स्टॉप. तिकीट काढून देणाऱ्याला हाच शब्द वापरून विचारा.

माझं मत विचाराल तर एकटीनं पहिल्यांदा जाणारी साठीच्या पुढची बाई असेल तर पैसे गेले तरी चालतील, नॉन-स्टॉप घ्या. आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, गुडघे ठणठणीत असले तरी. मावशी आधी ऐकेना. "लोक काय म्हणतील, धडधाकट बाई खुर्चीत बसलीय." खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या काउंटरपर्यंत सोबत असतो हे कळल्यावर तिनं विषय सोडला. मी जाताना मात्र आखातातूनच जातो. मध्ये पाय मोकळे होतात आणि पैसेही वाचतात.

दारापासून दारापर्यंत

शेवटचा हिशेब शेजारच्या काकूंचा. इथेही एकच घड्याळ ठेवायचं, भारताचं.

१३ डिसेंबर, दुपारी ३: साताऱ्यातून गाडी निघते. खंबाटकीचा घाट, पुणे, एक्स्प्रेसवे आणि मुंबईत शिरताना लागणारं सगळं धरून सहा तास.
रात्री ९: विमानतळ. उड्डाणाच्या साडेचार तास आधी. हे जरा लवकरच आहे, पण घाटात ट्रक आडवा झाला तर हेच दोन तास वाचवतात.
रात्री १:३०: विमान हलतं. तारीख १४.
संध्याकाळी ५:२०: जेएफकेच्या गेटला लागतं.
संध्याकाळी ७: इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स आटोपून बाहेर. पहाटे आलेली दोन-तीन मोठी विमानं एकदम रिकामी झाली तर रांग याहूनही लांब.
रात्री ८:३०: एडिसनचं घर. तिथे तेव्हा सकाळचे १० वाजलेले.

दुपारी तीनपासून दुसऱ्या रात्री साडेआठपर्यंत, साडेएकोणतीस तास. काकूंचे दीड दिवस थोडे फुगवलेले, पण जावयाच्या सोळापेक्षा मावशीच्या कामाचे. औषधांचे डोस, सोबतची दशमी, मोबाइलचं चार्जिंग, मोज्यांची जाडी हे सगळं या आकड्यावर ठरवायचं. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी सातला घेणाऱ्यानं विमानात कुठल्या सातला घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावं. चेक-इनच्या बॅगेत गोळ्या टाकू नयेत, त्या हातातल्या पिशवीत.

आदल्या दिवशी एक काम करा. विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तुमच्या उड्डाणाचा नंबर टाकून मागच्या आठवड्यात ते रोज किती वाजता निघालं आणि किती वाजता उतरलं ते बघा. सात दिवसांचे ते खरे आकडे माझ्या पाच टक्क्यांच्या ठोकताळ्यापेक्षा आणि तिकिटावरच्या आकड्यापेक्षाही खरे. न्यायला येणाऱ्यानंही तेच बघून घरातून निघावं. विमान जमिनीला टेकल्यावर एडिसनहून निघालं तरी बाईमाणूस बॅगा घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी पोचते.

हे सगळं ऐकून मावशीनं परतीचं गणित स्वतः केलं. दोन दिवसांनी फोन. "निघायचं दुपारी बारा, उतरायचं दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-दहा. म्हणजे चोवीस तास दहा मिनिटं. त्यातनं साडेदहा काढले, राहिले तेरा-चाळीस. तू तर चौदा-चाळीस म्हणाला होतास. एक तास कुठे गेला?"

मी विचारलं, "परत कधी येतेयस?"

"एप्रिलात." आणि मग जरा थांबून तीच म्हणाली, "हां. साडेनऊ."